अठरा किलो

बेचाळीस मिनिटं.

उर्वशीनं घड्याळ पुन्हा एकदा बघितलं. बघून मिनिटं कमी होत नाहीत, पण माणूस बघतोच. पाठीवरची पिशवी उतरवून ती पहाडीच्या माथ्यावरल्या सपाट दगडावर बसली. महिन्यापूर्वी हीच चढण ती तेहतीस मिनिटांत चढली होती. मग छत्तीस लागली, मग एकोणचाळीस. रोज सराव करून माणूस रोज थोडा थोडा कमजोर होतो, असं तिनं कधी कुठं ऐकलं नव्हतं.

खाली तलाव आटत आला होता. चैताच्या उन्हात मोहाचा गोड, जड वास वरपर्यंत येत होता. मोहफुलं वेचणाऱ्या बायांच्या सोबतीनंच ती रोज इथवर यायची. वाघाच्या रानात एकटीनं पहाडी चढायचं धाडस कुणी करत नाही. बायांचं बोलणं खालून तुटक तुटक ऐकू येत होतं. तिनं डोळे अर्धवट मिटले. तलावापलीकडचं धुरकट आभाळ पांढरं होत गेलं, उंच होत गेलं आणि त्याला सुळके फुटले. बर्फ तिनं आजवर फक्त मासळी विकणाऱ्या आईच्या डब्यात बघितला होता. लहानपणी त्यातला एखादा खडा उचलून ती गालाला लावायची. त्याला मासळीचा वास यायचा. हिमाचलातल्या बर्फालाही थोडा तसाच वास असेल, असं तिला मनातून अजूनही वाटायचं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

चंद्रपूरच्या क्लबचे अतुल सर मात्र स्वप्नाला भुलणारे नव्हते. त्यांची अट सरळ होती. अठरा किलो पाठीवर घेऊन तुझ्या गावची पहाडी पस्तीस मिनिटांत चढ, मग मे महिन्यात शिखराला चल. मोजायची ती या रविवारचीच वेळ; संध्याकाळपर्यंत कळव, नाहीतर तुझी जागा दुसऱ्याला.

आज तोच रविवार होता. फोनवर खोटं सांगता आलं असतं. पण तिथं पिशवी तिलाच उचलायची होती. ती उठली. डोळ्यांसमोरचे सुळके केव्हाच विरघळले होते आणि आभाळ पुन्हा नुसतं धुरकट झालं होतं.

तिची आई शकुबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. उर्वशी दिसताच ती रोजच्यासारखी उठली आणि तिनं हात पुढे केले.

"आण, मी ठेवतो आत."

"राहू दे, आई. मी नाई जात."

"कुठी?"

"पहाडावर. ताकदच नाई राह्यली माह्यात. अठरा किलो बी उचलून नाई राह्यलं."

पोरीच्या या खुळाबद्दल शकुबाईनं कधी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. रोज फक्त पिशवी उतरवून घ्यायची आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवायची, एवढंच तिचं काम.

उर्वशी पिशवी घेऊन सरळ धान साठवायच्या ढोलीपाशी गेली. फेब्रुवारीत तिनं या ढोलीतलंच बिनकांडलेलं धान पिशवीतल्या चुंगडीत, छोट्या पोत्यात, भरलं होतं. दगड पाठीला टोचतात, रेती पाझरते, धान बरं. आईच्या मासळी तोलायच्या काट्याला टांगून बरोबर अठरा किलो केलं होतं आणि चुंगडीचं तोंड सुतळीनं बांधलं होतं. त्यानंतर ती सोडायचं काही कारण पडलं नव्हतं. आता तिनं सुतळी सोडली. घरचं धान घरात परत गेलं की सगळं संपणार होतं. तिला रडू येत होतं.

"थांब वं, थांब!" शकुबाई सूप टाकून धावत आली.

तोवर चुंगडी कलली होती. तिच्यातून पांढरी धार निसटली आणि सारवलेल्या जमिनीवर तिचा लहानसा ढीग झाला. क्षणभर उर्वशीला काही समजेना. मग तिनं मूठभर उचलून नाकाशी नेलं. एचएमटीचा तांदूळ. पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला. घरात रोज रेशनचा शिजायचा.

"आई, हे काय?"

शकुबाई चोरी पकडल्यासारखी उभी होती.

"मंग काय करू? येडी, धान भरून चालली होती तू! तिथी बर्फात कोण कांडून देईन तुले? रोज थोडा थोडा धान काढला आन् थोडा थोडा तांदूळ भरला. तू रागावशीन म्हून सांगतलं नाई." मग जरा थांबून ती हळूच म्हणाली, "जागा राह्यली तिथी दाबून दाबून भरला."

उर्वशी सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात रोजंदारीवर होती. दिवसभर धान-तांदळाचे नमुने तोलायचे, हेच तिचं काम. तेवढ्याच मापात तांदूळ धानापेक्षा किती जड भरतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण स्वतःची पिशवी तिनं त्या पहिल्या दिवसानंतर एकदाही तोलली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिनं सांडलेला तांदूळ गोळा करून परत भरला. आड्याला लटकणाऱ्या काट्याला चुंगडी अडकवली. काटा अठरावर थांबला नाही. वीस गेले, पंचवीस गेले. सत्तावीसच्या जरा पुढे जाऊन तो डुलत राहिला.

उर्वशीनं फोन काढून अतुल सरांचा नंबर लावला. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रिंग जात होती.

शकुबाईनं एकदा पोरीच्या तोंडाकडे बघितलं, एकदा काट्याकडे. मग जवळ येऊन तिनं काळजीनं विचारलं,

"काऊन वं, कमी पडते का?"