खिडकीचा उजवा कोपरा

"हा झाला उजवा कोपरा. बघ, कसा आरसा केलाय!" म्हातारा मिस्त्री लेकीला म्हणाला. तेवढ्यात घरमालकीण बाईंनी चहाला हाक मारली, तशी थापी घमेल्यात टाकून तो खाली गेला.

लेकीने दिवा भिंतीला चिकटवून धरला. आरसा कसला! कोपऱ्यात चांगली बोटभर लाट उठली होती.

खिडकी काही साधी नव्हती. भिंतीतून बाहेर आलेली, तीन बाजूंची. उजेड तिन्हीकडून आत शिरतो आणि गिलाव्यावर आडवा पडतो, त्यामुळे भिंतीची एकही चूक लपत नाही. अशा खिडकीचे कोपरे काढावेत ते आपल्या बापानेच, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. हल्ली मात्र त्याचा हात थरथरायचा. चहाचा कपसुद्धा तो दोन्ही हातांनी धरायचा, आणि विचारलं की म्हणायचा, कप फार गरम आहे.

बाईंची नजर मोठी तिखट. लाट दिसली तर बापाचा पाणउतारा ठरलेला. आणि आपण दुरुस्त करायला जावं, तर तोच पाणउतारा आपल्या हातून व्हायचा. लेकीला स्वतःच्या हाताबद्दल तिळमात्र शंका नव्हती. काळजी होती ती बापाच्या मनाची.

पण गिलावा कुणाच्या मनासाठी थांबत नाही. अजून ओल होती. तिने ब्रशने पाणी मारलं, पट्टी ओढून उंचवटा कापला, पातळ माल चढवला आणि घोटायला घेतलं. हात झरझर चालला. जिना वाजला तेव्हा ती थापी धुऊन अगदी साळसूदपणे उभी होती.

बाई पुढे, बाप मागे. बाईंनी डोळे बारीक केले, मान वाकडी करून कोपरा पाहिला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा पाहिला.

"मिस्त्री, तुमच्या हाताला तोड नाही हो!"

 बापाने दिवा घेऊन भिंतीला लावला. ओल्या गिलाव्यावर थापीच्या पुसट कमानी दिसत होत्या. त्याच्या हातच्या कमानी नेहमी उजवीकडे वळायच्या. या साऱ्या डावीकडे वळल्या होत्या, आणि खोलीत डावखुरं माणूस एकच होतं.

लेकीने हातातली थापी पाठीमागे नेली.

"कधी केलंस हे?" त्याने हळूच विचारलं.

'तुमचंच आहे की,' असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भिंतीसमोर उभं राहून खोटं कसं बोलायचं?

"तुम्ही चहाला गेलात तेव्हा."

"एवढ्यात?"

"एवढ्यात."

त्याने कोपऱ्यावरून बोट फिरवलं, गिलाव्याला न टेकवता, केसभर अलीकडून. वरपासून खालपर्यंत. त्याचा चेहरा आधी पडला, मग उजळला, आणि यातलं काहीच कुणाला दिसू नये म्हणून तो उगाचच खोकला.

"काय झालं? काही राहिलंय का?" बाईंनी विचारलं.

"छे! या कोपऱ्यात काही राहिलं नाही."

"मग खिडकीतली बैठक तेवढी राहिली म्हणायची. ती कधी होणार, मिस्त्री?"

"ते मिस्त्रींना विचारा," बाप म्हणाला, आणि घमेलं पुढे ओढून खाली बसला.

आणखी कोण आलं, म्हणून बाई दाराकडे वळून पाहू लागल्या.

"संध्याकाळपर्यंत होईल," लेक म्हणाली. "बाबा, माल जरा पातळ कालवा."