सर्जेरावांची बोटं

“मामा, पुन्हा महसीलदार!” सोमेश्वर वकिलांनी स्क्रीनवर बोट आपटलं. “तहसीलदार म्हणलो ना मी? अन् हे बघा, मंठा तालुक्याचा तंठा केला तुम्ही.”

अंबडच्या कोर्टाबाहेर सर्जेरावांनी एकतीस वर्षं टाइपरायटर चालवला होता. त्यांनी टाइप केलेला कागद चुकीसाठी कधी परत आला नाही, याचा त्यांना भारी अभिमान. पण आता वकिलांना सगळं पेन ड्राइव्हवर लागायचं, म्हणून आठवडाभर ते वकिलांच्या संगणकावर हात बसवत होते. अक्षरांच्या जागा टाइपरायटरसारख्याच लावून घेतल्या होत्या. तरी दर ओळीला म च्या जागी त आणि त च्या जागी म. सर्जेराव म्हणत, प्रोग्रामच खोटा. वकील म्हणत, वय झालं.

“कोर्टाच्या नव्या शेडमध्ये टाइपिस्टचं एकच टेबल हाय,” वकील म्हणाले. “सोमवारी एक पान बिनचूक काढून दाखवा. न्हाईतर मंग दुसरा माणूस बघतो.”

ताठ मानेचा बाप मान खाली घालून घरी आलेला अक्षताला बघवेना. ती जालन्याला संगणक शिकलेली, आणि लिनक्स नावाच्या मोफत संगणक-प्रणालीची कट्टर भक्त. लिनक्सला कुणी नावं ठेवली तर दोन दिवस बोलायची नाही.

“बाबा, सोमवारी माझा लॅपटॉप नेऊ. लिनक्समधल्या लिब्रेऑफिसवर टाइप करा.”

“पैशाचं चालंना, अन् तुझं फुकटचं चालंल व्हय?”

“फुकटचं म्हणू नका, मोकळं म्हणा. न्हाई पटलं तर आतून खोलून बदलता येतं.”

सर्जेरावांना काही ते पटलं नाही. रविवारी अक्षता जुन्या टाइपरायटरचं झाकण काढून बराच वेळ आत बघत बसली. मग लॅपटॉप घेऊन बसली.

सोमवारी शेडमध्ये पाच-सहा वकील जमले. सर्जेरावांनी चष्मा पुसला आणि बोटं सोडली. पान संपलं तेव्हा सोमेश्वर वकिलांनी ते दोनदा वाचलं. एक चूक सापडली नाही.

“सांगून राह्यलो व्हतो की न्हाई?” सर्जेराव छाती काढून म्हणाले. “खोट तुमच्या प्रोग्रामात व्हती. हे लिनक्स बराबर हाय!”

“सरका बरं,” म्हणत वकील स्वतः बसले. टायपिंगची सरकारी परीक्षा ते पहिल्या झटक्यात पास झालेले. ऐटीत त्यांनी आपलं नाव टाइप केलं. उमटलं, सोतेश्वर. पुन्हा केलं. पुन्हा सोतेश्वर.

“ह्याचा म अन् त उलटा हाय की! बिघडलंय हे!”

सगळे हसले. अक्षता मात्र खाली बघत होती.

सर्जेरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना बावीस वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. टाइपरायटरचे म आणि त या दोन अक्षरांचे खिळे तुटले होते. जालन्याच्या कमरोद्दीन मिस्त्रींनी सर्जेरावांची एस्टी चुकू नये म्हणून घाईत ते डाख देऊन जोडले, ते एकमेकांच्या जागी. परत नेऊ, परत नेऊ म्हणता म्हणता बोटांना उलट्या जागांचीच सवय लागली. पुढं तर ते स्वतःही विसरले.

क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. भर शेडमध्ये आपलंच म्हणणं खोटं पडलं होतं. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

“बिघडलं न्हाई, वकीलसाहेब. चूक माझ्याच बोटांची व्हती, बावीस वर्षांची. पोरीनं बापाच्या बोटांना नावं न्हाई ठेवली, कम्प्युटरलाच माझ्यासारखं चुकायला शिकवलं.”