आवाजाची लायब्ररी

उचगावच्या दूध संकलन केंद्रातला वजनकाटा बोलायचा. संयोगिताच्या भावानं, विजयसिंहनं, त्यात स्वतःच्याच आवाजात आकडे भरले होते. तो जाऊन वर्ष झालं होतं.

काट्याला जोडलेला जुना कॉम्प्युटर संयोगितानं भंगारात घातला आणि नव्यावर लिनक्स टाकून काट्याचा प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला. पण सुरू करावा तर पडद्यावर एकच ओळ उमटायची: आवाजाची लायब्ररी सापडत नाही. विजयसिंहचे आकडे ज्यात होते ती फाइल जुन्यातून काढून घ्यायचीच राहिली होती. तिनं सगळी डिस्क धुंडाळली. भावाचा आवाज कुठंच नव्हता.

एवढ्यात शेजारच्या तानाबाईंनी काट्यावर दुधाची किटली ठेवली.

"वजन नऊ किलो," विजयसिंहचा आवाज आला.

"झालं की गं सुरू!" तानाबाईंनी पदरानं डोळे टिपले. "तुझा भाऊच बोलतोय बघ."

"व्हय, काकी," संयोगिता कशीबशी म्हणाली. प्रोग्राम बंदच होता. पडद्यावर तीच ओळ होती. तिनं स्पीकरची वायर उपटून हातात घेतली.

तानाबाई दूध ओतून, रिकामी किटली घेऊन गेल्या. केंद्रात ती एकटीच उरली.

"वजन बासष्ट किलो."

संयोगितानं मान वळवली. काट्यावर कुणीच नव्हतं, तरी त्याचा पत्रा मधोमध दबला होता.