वरून दिसतं ते

कॅमेऱ्याच्या झूममध्ये नवरा सापडला तेव्हा तो बाकावर नव्हता. बाकाच्या पुढ्यात, गवतात, एका कुशीवर पडला होता.

आधी तिला वाटलं, नाटक करतोय. त्याचा भरवसा नव्हता. पायथ्याशी बसथांब्याजवळच्या त्या बाकावर बसकण मारून तो म्हणाला होता, "गुडघे नाही म्हणतायत. तू जा, आणि वर माझी तक्रार करून ये. आपल्या देवांकडे इतकी वर्षं केलीस, काही फरक पडला नाही." मग स्वतःचा कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवत, "वरून माझाही एक काढ. मी हात करतो."

तो हात करत नव्हता.

टेकडीवरच्या चर्चच्या अंगणाच्या कठड्याला पोट टेकवून तिने फोन लावला. खाली फोन वाजत असणार. एका हातात फोन, एका हातात कॅमेरा. हात हलला की तो चौकटीतून निसटायचा. नुसतं गवत दिसायचं, कचऱ्याचा डबा दिसायचा, बसथांब्याचा खांब दिसायचा. पुन्हा सापडला तेव्हाही तसाच. खिशाकडे हात गेलेला नव्हता.

"अहो, उचला," ती म्हणाली. "उचला ना."

तिने पर्स उचलली आणि वाटेकडे धावली. वाट टेकडीच्या मागच्या अंगाने, झाडीतून उतरत होती. पहिल्याच वळणाला बाक दिसेनासा झाला, बसथांबा दिसेनासा झाला. उतरायला तास लागणार आणि तो तासभर काहीच दिसणार नाही. ती थांबली. परत कठड्याशी आली.

चर्चच्या दारात मेणबत्त्या विकणारी बाई बसली होती. तिने त्या बाईचा दंड धरला, ओढत कठड्यापाशी आणलं आणि खाली बोट दाखवलं. "माझा नवरा. नवरा पडलाय." मराठीत, मग हिंदीत, मग जमेल तशा इंग्रजीत. बाईने खालचं हिरवं खोरं पाहिलं, नदी पाहिली, मान डोलावली आणि प्रसन्न हसली. मग तिच्या गळ्यातला कॅमेरा हळूच काढून घेतला, दोन पावलं मागे गेली आणि खुणेने सांगितलं: जरा सरका, कठड्याला टेकून उभ्या राहा.

कॅमेरा वाजला तेव्हा ती रडत होती. बाईने कॅमेरा खाली घेतला आणि परत तिच्या हातात दिला.

मुलीचा फोन लागला. ती याच परक्या देशात, दुसऱ्या शहरात, ऑफिसात होती. बसची तिकिटं तिनेच काढून दिली होती.

"आई, बाबा शुद्धीवर आहेत का? श्वास बघ."

"कसा बघू? मी वर आहे."

"वर म्हणजे?"

"चर्चपाशी. ते खाली आहेत."

"तू बाबांना एकटं सोडून वर गेलीस?"

तिने कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. पलीकडून मुलगी म्हणाली, "बरं. तुला काय काय दिसतंय ते सांग. मी इथून ॲम्ब्युलन्सला फोन करते."

"कुत्रा घेऊन एक माणूस आलाय. वाकलाय. कानाला फोन लावलाय त्याने." तिचा आवाज एकदम सुटला. "कोणीतरी आलंय गं."

त्या माणसाने आपलं जाकीट काढून नवऱ्याच्या डोक्याखाली सरकवलं. कुत्रा बाजूला बसला. बराच वेळ काही झालं नाही. मग नदीकडून ॲम्ब्युलन्स आली. आवाज वरपर्यंत पोचत नव्हता, नुसता दिवा फिरताना दिसत होता. दोघं उतरले. एकजण गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर दाब देऊ लागला.

मेणबत्तीवालीला आता कळलं. त्या बाईने क्रूसाची खूण करत आपल्या कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली. ते बघून तिने बाईचा हात घट्ट धरून खाली ओढला. "तसं नको," ती म्हणाली. "अजून तसं काही नाही झालेलं."

स्ट्रेचर उचललं. त्याचा एक हात बाहेर लोंबत होता, एकाने तो आत घेतला. "थांबा!" ती कठड्यावरून ओरडली. "मी येतेय! मी त्यांची बायको!" कुत्र्याने तेवढी मान वर केली. दारं लागली.

"आई? आई, बोल ना. नेलं का? कुठे नेलं?"

ॲम्ब्युलन्स पुलापर्यंत सरळ गेली, वळली, छपरांच्या आड दिसेनाशी झाली. ती कठड्यावर ओणवून बघत राहिली.

"डावीकडे," ती म्हणाली. "डावीकडे नेलं गं."