हवेचा शत्रू कोण?

वीजघराच्या चिमणीला परवानगी, साहेब, तुम्ही दिलीत, तिची फीत तुम्ही कापलीत, पहिला धूर निघाला तेव्हा टाळ्याही तुम्हीच वाजवल्यात. आणि पोरांच्या पुस्तकात चित्र छापायची वेळ आली तेव्हा छापलंत कोणाला, तर फावडेवाल्याला. तोंड काळं, डोळे लाल, दात विचकलेले. खाली ओळ : 'हवेचा शत्रू'. पान उलटलं की पुढच्या धड्यात तुम्ही. पांढरेशुभ्र कपडे, हातात रोपटं.

ते पुस्तक स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडं पडलं होतं आणि भट्टीवाला त्याच्यासमोर बसला होता. वीजघराच्या बॉयलरमध्ये कोळसा लोटण्यात त्याची उमर गेली. आंघोळ करून आला होता, तरी नखांच्या कडेची काळी रेघ तशीच. ती साबणाला भीक घालत नाही.

समोर लेक बसलेली. उद्या तिची तोंडी परीक्षा होती. पास झाली तर डोंगरावरच्या निवासी शाळेत फुकट शिकणार, तिथल्या हवेत राहणार. डॉक्टर म्हणाले होते, औषध देतोय, पण खरं औषध म्हणजे पोरीला इथून हलवा. परीक्षा होती याच धड्यावर. आणि लेखी परीक्षेत सगळं बरोबर लिहून पोरीने नेमक्या 'हवेचा शत्रू कोण?' या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'माहीत नाही'.

दुपारी तो आणखी दोघा-तिघा आईबापांना घेऊन या धड्याची तक्रार करायला शाळेत जाऊन आला होता.

"पुस्तक वरून येतं, आम्ही काय करणार?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"वरून तर राखही येते, बाई. ती आम्ही झाडून टाकतो."

बाई हसल्या नाहीत. "धड्यात खोटं काय आहे तेवढं सांगा."

खोटं काहीच नव्हतं. पोरीच्या छातीत रोज शिट्टी वाजते, ती काय खोटी? खोटं नव्हतं, अर्धं होतं. पण अर्ध्याबद्दल कोणाकडे भांडायचं हे त्याला कुठल्या शाळेने शिकवलं नव्हतं.

"चल, बोल," त्याने पुस्तक तिच्याकडे सरकवलं. "हवेचा शत्रू कोण?"

"माहीत नाही."

"झोपेत अख्खा धडा बडबडतेस आणि म्हणे माहीत नाही! दोन तर शब्द आहेत. चिमणी आणि भट्टीवाला. बघ की, आपल्या दोघांचीच नावं. विसरशील कशी, चिमणे?"

"मला चिमणी नका म्हणू."

"का गं? जन्मल्यापासून म्हणतोय."

"वर्गात पोरं ओरडतात. चिमणी आली, चिमणी आली, खिडक्या लावा."

भांडी घासणाऱ्या आईचा हात थांबला. "अहो, राहू द्या ना आता. जेवून घ्या आधी."

"राहू दे कसं? डॉक्टर बोलले तेव्हा तू होतीस ना शेजारी?"

आईने नळ पुन्हा सोडला. गरज नसताना मोठा सोडला.

पोरगी चित्राकडे बघत होती. मग तिने फावडेवाल्याच्या तोंडावर तळहात ठेवला. "हे तुम्ही नाही."

"मीच आहे."

"तुमचे दात असे नाहीत."

त्याला हसू आलं. हसता हसता तो खोकला. पाणी प्यायला. उठून उभा राहिला.

बॉयलरपाशी कानठळ्या बसवणारा आवाज असतो. तिथे एकाने हुकूम दिला की ऐकणाऱ्याने तोच शब्द तसाच्या तसा परत ओरडायचा. परत आला नाही तर पोहोचला नाही असं धरतात आणि पुन्हा देतात, जास्त जोराने. हातात आग असते, तिथे मान डोलावून चालत नाही. शिकवायची हीच एक तऱ्हा त्याला ठाऊक होती. त्याने दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"चिमणी आणि भट्टीवाला!"

थांबला. परत काही आलं नाही.

"चिमणी आणि भट्टीवाला!"

भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही बारीक झाला. पोरीचे ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या, खांदे श्वासागणिक वर-खाली. आईने दम्याचा पंप आणून तिच्यापुढे ठेवला. तिने तोंडात धरून एकदा दाबला, दम कोंडून ठेवला, सोडला. पुस्तकावरचा हात काही काढला नाही.

"बाबा."

"बोल."

"उत्तर दिलं तर मला तिकडे नेणार ना?"

"हो तर! खिडकी उघडी टाकून झोपशील."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही इथेच? याच हवेत?"

भट्टीवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती पाठमोरीच होती, पण तिचे खांदे हलत होते. त्याने खुर्ची पुढे ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसला, आणि मॅडम विचारतात तसं बोट वर केलं.

"ते पुस्तकात नाही," तो म्हणाला. आवाज चिरकला तरी थांबला नाही. "पुस्तकात आहे तेवढंच विचारणार आहेत. हवेचा शत्रू कोण? माझ्या तोंडाकडे बघ आणि मोठ्याने सांग. उत्तर दे."