चढावरचा काटा

चढ सुरू झाला तशी गाडी मंदावली, पण तिचा आवाज चढला नाही. इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा काटा अर्ध्याच्या खालीच निवांत बसून राहिला. बाबांच्या शेजारी बसलेल्या मुलीने ते पाहिलं आणि मनात टिपून ठेवलं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करून तिला सवयच लागली होती, आधी बघायचं आणि मग बोलायचं. दमलेलं इंजिन चढावर ओरडतं. हे तर ओरडतही नव्हतं.

मागून एक ट्रक हॉर्न देत आला आणि ओलांडून गेला.

"बाबा, भरलेला ट्रकसुद्धा पुढे गेला."

"जाऊ दे गं. त्याला घाई असेल. आपली गाडी म्हातारी झाली, दम राहिला नाही."

"मला बाई हीच चाल आवडते," मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेली आई म्हणाली. "पोटातलं पाणी हलत नाही."

टेकडीवरच्या हॉस्पिटलात आईचं डायलिसिस असे, एक दिवसाआड. तिला तिथे न्यायचं ते या छोट्या, जुन्या ऑटोमॅटिक एसयूव्हीतून, आणि गाडी बाबांनीच चालवायची, हा घरातला अलिखित कायदा. आईला चढता-उतरता यावं म्हणून बाबांनी लाकडाची एक पायरी केली होती. कडा घासून गोल केलेल्या, घसरू नये म्हणून खाली सायकलची ट्यूब चिकटवलेली. हॉस्पिटलच्या दारात ते ती पायरी मांडत आणि हात पुढे करत. तेव्हा त्यांचा कणा असा ताठ असे, की बघणाऱ्याने वय दहा वर्षांनी कमीच धरावं.

'आईला मी नेत जाईन' हे वाक्य कितीतरी आठवडे मुलीच्या ओठांवर येऊन परत जात होतं. तो ताठ कणा पाहिला की तिची जीभ रेटत नसे. त्यापेक्षा गाडीतच जोर आणावा, असं तिने ठरवलं. आई आत असताना भर चढावर गाडी थांबली तर? या विचाराने तिची झोप उडाली होती.

गॅरेजला जायचं म्हटलं की बाबा आधी गाडी आतून झाडायचे. "दुसऱ्याच्या दारात घाण गाडी नेऊ नये," असं म्हणत ब्रश घेऊन ड्रायव्हरच्या पायाशी डोकं खुपसायचे. मेकॅनिकने एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले. पुढच्या खेपेला गिअरबॉक्सचं तेल बदललं. दोन्ही वेळा चक्कर मारून आला आणि हात पुसत म्हणाला, "ताई, गाडी पळतेय की! माझ्याकडे आली की माहेरी आल्यासारखी खुलते. तुमच्याकडे सासुरवास आहे का हिला?"

बाबा मोठ्याने हसले. मुलीला हसू आलं नाही.

"मध्यंतरी ही आमच्याच फाटकावर आदळली होती," ती म्हणाली. "तेव्हापासून हे सुरू झालंय. आत काही हललं असेल का?"

"बंपरचा धक्का इंजिनपर्यंत नाही पोचत, ताई. एवढंच असेल तर एक छोटा डबा मिळतो, पेडलच्या वायरला लावायचा. पायाने नुसतं शिवलं की गाडी उसळते."

"उसळायला नको," बाबा एकदम म्हणाले. मग जरा सावरून, "घोडा आहे का तो?"

दुसऱ्या दिवशी चढावर काटा पुन्हा अर्ध्याच्या खालीच.

मुलगी विचार करत राहिली. गाडी तीच, पेट्रोल तेच. गॅरेजमध्ये पळते आणि चढावर रांगते. अशा वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची असते. तिने ड्रायव्हर बदलून बघायचं ठरवलं.

संधी लगेच मिळाली. आई गाडीत बसली आणि तिची फाइल घरातच राहिल्याचं बाबांच्या लक्षात आलं. ते आत गेले तशी मुलगी त्यांच्या सीटवर सरकली. इंजिन बंदच होतं. तिने ॲक्सिलरेटरचं पेडल दाबलं. ते अर्ध्यावर जाऊन थांबलं. पुन्हा दाबलं. तिथेच.

तिने वाकून मॅट उचललं. पेडलमागे लाकडाचा एक गुळगुळीत ठोकळा वेल्क्रोने बसवलेला होता. ओढल्याबरोबर हातात आला.

तिने मागे वळून पाहिलं. पोटातलं पाणी हलू नये म्हणून! एवढी भीती वाटत होती तर तोंडाने सांगायचं ना.

"आई, हा तुझा उद्योग?"

आईने ठोकळा पाहिला. त्याच्या घासलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"होता तिथे ठेव तो," ती हळूच म्हणाली. "ते येतील इतक्यात."

"त्यांना कळलं तर काय वाटेल, याचा विचार केलास का?"

"तोच करतेय."

बाबा फाइल घेऊन पायऱ्या उतरले. मुलीने ठोकळा मुठीत दडवला आणि घाईघाईने सीटवरून उठू लागली.

"मॅट अडकत होतं, बाबा. सरळ केलं."

बाबांनी तिच्या मुठीकडे पाहिलं. मग त्यांनी वाकून आईची पायरी उचलली, डिकीत ठेवली, गाडीला वळसा घालून पलीकडचं दार उघडलं आणि आत बसून पट्टा लावला.

"पायरीतलंच उरलेलं लाकूड आहे ते," समोर बघत ते म्हणाले. "फाटकाच्या दिवशी मी ब्रेकच दाबला होता, असं मला अजूनही वाटतं. पण गाडी पुढे उसळली. तू चालव. यापुढे मी नाही चालवणार."