जावयाचं औषधी रोप

अंजिराबाईंनी रोवलेली काडीसुद्धा फुटते, असा गावभर बोलबाला होता. त्यामुळे घरजावयानं परसात लावलेलं, डोक्याएवढं उंच वाढलेलं झाड दोन दिवसांत वाळलं, तेव्हा त्यांना अन्न गोड लागेना.

"जाऊ द्या मामी, औषधी रोप होतं," जावई म्हणाला. "तुमचं पाणी जास्त झालं असेल."

"माझं पाणी?" बाईंनी झाड मुळासकट उपटलं, खांद्यावर टाकलं आणि भर बाजारातून कृषी सहायकाचं ऑफिस गाठलं. जावई मागून पळत आला.

साहेबांनी मूळ हुंगलं. "ताजं कोंबडीखत घातलंय. मुळं जळाली." मग पानं बघून त्यांनी आवाज खाली आणला. "मावशी, हा गांजा आहे. कुणी लावला?"

जावयाचा चेहरा पांढराफटक पडला.

"पाखरांनी बी टाकलं असेल," बाई म्हणाल्या.

"आणि खत?"

"तेही पाखरांचंच की."

हसू दाबत साहेबांनी झाड जाळायला लावलं.

बाहेर येताच बाई म्हणाल्या, "जावईबापू, गांजा लावलात ते लेकीच्या तोंडाकडे बघून गिळलं. पण मुळं तुम्ही जाळलीत आणि आळ माझ्या पाण्यावर घेतलात, ते जन्मात विसरणार नाही."